कात्रीसर यंत्राला सापडले

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरांना पोरं कात्री म्हणतात, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. चार ओळींचं वाक्य लिहून नेलं की सर त्याची तीन वाक्यं करून परत देतात. मी भूगोल शिकवते, स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसते. माझ्या रजेच्या अर्जावरसुद्धा त्यांनी लाल पेन चालवलेलं आहे. माणूस सरळ, पण लिहिण्याच्या बाबतीत महाखडूस.

त्यांच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. वडील गवंडी, घरात एवढं शिकलेली ही पहिलीच. आली तेव्हा तिला धड परिच्छेद जुळवता येत नव्हता. सरांनी तिच्यामागे हात धुवून लागून तिला लिहितं केलं. आणि प्रबंध तपासायला गेला, तर विद्यापीठाच्या नव्या सॉफ्टवेअरने शेरा मारला की यातला बराचसा मजकूर यंत्राने लिहिलाय. आता मार्गदर्शक म्हणून सरांनी आपलं मत कळवायचं होतं. त्यांनी त्या शेऱ्याला मान डोलावली की मुलीची सगळी मेहनत पाण्यात.

सरांनी तिला बोलावून विचारलं. "मीच लिहिलंय, सर," एवढंच ती म्हणाली आणि गेली.

"खोटं बोलणारी नाही हो ती," सर मला म्हणाले. "पण यंत्राचं तिच्याशी काय वाकडं असणार?"

मला रागच आला. एवढ्या वर्षांची पारख एका टक्केवारीपुढे नांगी टाकते म्हणजे काय? मी तोंडावर बोलले तसं. त्यांनी डबा तसाच बंद केला. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं, हे मला दिसत होतं.

अशातच आमच्या भागातल्या कॉलेजांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं शिबिर निघालं आणि प्राचार्यांनी आम्हा दोघांना तिकडे पिटाळलं. शिकवणारी बाई आमचीच विद्यार्थिनी शोभावी एवढी लहान. यंत्राकडून शोधनिबंधाचा सारांश कसा काढायचा, आणि ते नसलेली पुस्तकं संदर्भ म्हणून कशी बिनदिक्कत ठोकून देतं, ते तिने दाखवलं. जेवणानंतर ती म्हणाली, "आता यंत्राचं लेखन ओळखणारं सॉफ्टवेअर बघू. कुणाचं स्वतःचं जुनं लिखाण मिळेल?"

"या सरांचा प्रबंध विद्यापीठाच्या साइटवर आहे," मी त्यांना न विचारताच सांगून टाकलं.

बाईने त्यातलं एक प्रकरण उचलून आत टाकलं. पडद्यावर लाल पट्टी सरकत सरकत जवळजवळ टोकाला जाऊन थांबली. निकाल लागला: यंत्राने लिहिलेलं.

खोलीत हशा पिकला. सर हसले नाहीत.

"हा मी टाइपरायटरवर बडवलाय," ते म्हणाले. "तेव्हा कॉलेजात संगणकसुद्धा नव्हता."

"सर, हे फक्त अंदाज बांधतं," बाई म्हणाली. "वाक्यं नेटकी आणि एकसारखी दिसली की याला संशय येतो. याच्या भरवशावर कुणालाही दोषी धरू नका."

"तिची वाक्यं तशी मीच केली," सर स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पोरगी खरं बोलत होती." एवढा जीव भांड्यात पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. माझाही पडला, खोटं कशाला सांगू.

ते तडक व्हरांड्यात गेले आणि त्यांनी तिला फोन लावला. मीही मागोमाग. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे चोरून ऐकायची गरज पडली नाही.

"प्रबंध तुझाच आहे, असं मी आजच कळवतोय," सर म्हणाले. "शंका घेतली, चुकलं माझं."

पलीकडून तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"सर, मी तो बिघडवायला घेतला होता."

"म्हणजे?"

"मैत्रीण म्हणाली, वेडंवाकडं लिहिलं की यंत्र पकडत नाही. म्हणून रोज बसते. पण एक पान होत नाही. सर, मला आता वाईट लिहिताच येत नाही."

सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले. त्यांनी चष्मा काढला.

"नकोच येऊ दे," ते म्हणाले.