न जळणारी वात

गावाच्या शिवेवरची कापसाची जुनी जिनिंग गिरणी पाडली तेव्हा मी बीडला होतो. तिथं एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी एसटीनं सिरसाळ्याला उतरायचं आणि तिथून रिक्षानं गावी आईकडे जायचं, हा माझा शिरस्ता. त्या खेपेला रिक्षा शिवेजवळ आली आणि मला रस्ता चुकल्यासारखं झालं. जिनिंगचं धुराडं दिसेना. त्याच्या जागी विटांचे ढीग, वाकलेल्या सळया, फुटक्या सिमेंट पत्र्यांचा खच आणि पलीकडचं मोकळं आभाळ.

"मंगल कार्यालय होनार हाय तिथं," रिक्षावाला म्हणाला. "एसी हॉल. एका मालकानं इकत घेतलीया जागा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. एरवी आधी पाणी पुढं करणारी आई त्या दिवशी मला हाताला धरून थेट देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली.

"ही वात बघ. कवाची आसंल?"

निरांजनात तेलात भिजलेली वात तेवत होती. टोकाशी जराशी काजळी, बाकी पांढरीशुभ्र.

"आजचीच की."

"मागल्या एकादशीची हाय," आई म्हणाली. "रोज तेल घालती. वात तीच. नखभर बी कमी झाली न्हाई."

मी हसलो. ती मात्र हसली नाही.

आईचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लोकर कातत ती वाढली. धागा बोटांत चोळून लोकर कोणती, अंबाडी कोणती, सूत कोणतं हे ती डोळे मिटून सांगायची. जरा शंका आली तर धागा जाळून वास घ्यायची. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत जळताना कागदासारखा. हा नवा धागा तिनं चोळून पाहिला होता, ओढून पाहिला होता, चुलीत धरून पाहिला होता. तो जळतही नव्हता आणि त्याला कसला वासही नव्हता. आठ-दहा दिवस हे कोडं तिनं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

"आला कुठून हा?"

"तुझ्या काकानं आनला. जिनिंगमदून."

काका म्हणजे माझे चुलते. पलीकडच्या अंगणात त्यांच्या शेळ्या असतात. बॉयलर तोडताना त्याच्या दाराभोवतीचा जाड, पांढरा, वेणीसारखा विणलेला दोर मजूर बायांनी उपटून टाकला होता. शेळ्या बांधायला बरा म्हणून काकांनी त्याचं भेंडोळं उचलून आणलं. बांधायला तो काही टिकला नाही, लगेच सुटून पिंजला. मग आईनं तो मागून घेतला, उसवला आणि त्याच्या वाती वळल्या. वात जळत नाही हे कळल्यावर गल्लीतल्या बायका बघायला येऊन गेल्या. एक-दोघींनी वाती मागूनही नेल्या. कुणी हात जोडले, तेव्हा आईनंच त्यांना थांबवलं होतं. "देवाचं काय न्हाई यात. देवाला करायचं आसतं तर लई मोठं काय तरी केलं आसतं. त्यो वाती कशाला वळत बसंल?"

मला राहवलं नाही. दोराचा एक पेड घेतला, चिमट्यात धरला आणि गॅस पेटवला. पेड लाल झाला. निखाऱ्यासारखा लालभडक. गॅस बंद केला आणि बघता बघता तो पुन्हा पांढरा झाला, जसा होता तसा. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा तसंच केलं. आई शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कळलं का?"

आणि त्याच क्षणी कळलं. एका जुन्या पुस्तकात धड्याच्या शेवटी दोन ओळी होत्या: खनिज असूनही ज्याचे तंतू निघतात, असा पदार्थ. मी वर्षानुवर्षं त्या ओळी मुलांना वाचून दाखवल्या होत्या, पण तसे तंतू कधी पाहिले नव्हते. ॲस्बेस्टॉस. त्याच ओळींच्या खाली आणखी एक ओळ होती. हे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर तिथंच राहतात, आणि पुष्कळ वर्षांनी जीवघेणे आजार होतात.

मी चिमटा हळूच पाण्याच्या भांड्यात सोडला.

"माय, ती वात काढू आपण. हात लावू नको, मी काढतो."

"कावून? आत्ता तर खूश झालतास."

मी तिला सांगितलं. जमेल तसं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग आपली बोटं पदराला पुसायला निघाली. मी तिचा हात धरला आणि दोघांनी मोरीत जाऊन हात धुतले. उरलेला दोर पाणी मारून ओला केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. शेवटी आई म्हणाली, "ज्यांनी त्यो उपटला, त्या बायांचं काय?"

सकाळी मी जिनिंगवर गेलो. सरकीचं तेल काढायला तिथं पूर्वी बॉयलर होता. तो भंगारवाल्यानं तोडून नेला होता, पण त्याच्या पाइपांवरचा, उष्णता टिकवणारा पांढरा लेप हातोड्यांनी ठोकून खाली पाडलेला होता. त्याचे गोळे जमिनीवर विखुरले होते. वारं आलं की त्यांतून बारीक काही उठायचं आणि कुंपणाच्या वेड्या बाभळींना जाऊन चिकटायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वेचणीच्या दिवसांत गाडीतून सांडलेला कापूस आहे. त्या ढिगात पाच-सहा बाया बसून लोखंडाचे तुकडे वेचत होत्या. एकीनं तोंडाला पदर बांधला होता, तोही उन्हासाठी.

मी त्यांना ते काय आहे ते सांगितलं. पदर बांधलेली बाई उठून उभी राहिली. "सर, लई खाज येतीया त्याची. रातभर झोप न्हाई. आमाला वाटलं, काचंचा चुरा आसंल." मग जरा थांबून तिनं विचारलं, "काम बंद करायला लावनार का तुमी?"

"हे उचलेपर्यंत तरी करायला पाहिजे."

"मग आमी काय करायचं?"

मी मालक कधी येणार ते विचारून घेतलं.

जागेचा नवा मालक दुपारी चारचाकीतून आला. चांगला बोलणारा माणूस होता. मला आत, झाडाखाली खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. "सर, मी ही जागा घेतली तेव्हा बॉयलर होता, पत्रे होते. त्यात काय भरलंय हे मला कोण सांगणार? आपल्याकडं निम्म्या गावाच्या डोक्यावर हेच ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आहेत. सगळी माणसं धडधाकट आहेत."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त बोचलं. "तुम्ही हे झाकून तरी ठेवा," मी म्हणालो. "पाणी मारा."

"मारतो की," तो म्हणाला. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ढीग तसाच उघडा होता.

बीडला जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याला लोकांच्या तक्रारी घेतात, त्या लोकशाही दिनाला मी तक्रार दिली. माझ्या पुढच्या रांगेत शेताच्या बांधाची भांडणं होती, रेशनकार्डं होती. माझा अर्ज वाचून तिथल्या साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "हा दोर खरंच जळत नाही?" मी नाही म्हणालो. "कमाल आहे," ते म्हणाले, आणि त्यावर शेरा मारून अर्ज प्रदूषण खात्याकडं धाडला.

काही आठवडे गेले. मला वाटलं, विषय संपला. मग एका सकाळी आईचा फोन आला. "आरं, सरकारी गाडी आलीया. एक बाई हायेत. तोंडाला मोठा मास्क हाय. तू ये."

मी क्लास दुसऱ्या सरांकडं सोपवला आणि निघालो. पोचलो तेव्हा प्रदूषण खात्याच्या त्या अधिकारी बाई, त्यांचा सहायक, तलाठी आणि मंडळ अधिकारी जिनिंगच्या आवारात होते. बाई तिशी-पस्तिशीच्या, शांत. त्यांनी ओल्या चिमट्यानं लेपाचे तुकडे छोट्या पिशव्यांत घेतले, फोटो काढले आणि मालकाला तिथल्या तिथं सांगितलं, काम थांबवा, ढीग ताडपत्रीनं झाका, कुणाला आत येऊ देऊ नका. तपासणीचा अहवाल आल्यावर पुढचा आदेश येईल.

"मॅडम, माझं लग्नसराईचं बुकिंग झालंय," मालक म्हणाला.

"लग्नाला आलेली माणसं इथंच श्वास घेणार ना?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. मालकानं ताडपत्री आणायला माणूस धाडला.

मग त्या गावात आल्या. ज्यांनी ज्यांनी दोर, लेप किंवा फुटके पत्रे घरी नेले होते, त्यांच्याकडून ते परत घ्यायचे होते. लोक दारं लावून घेऊ लागले. आपल्यावर केस होईल असं कुणीतरी उठवून दिलं होतं. काकांनी शेळ्यांच्या गोठ्यावर त्याच जिनिंगचे पत्रे घातले होते. ते दारात आडवे उभे राहिले. "पत्रे काढून नेले तर शेळ्या कुठं बांधू? पुतन्यानंच घात केला माझा."

बाईंनी गोठ्याकडं बघितलं. "काका, अख्खे पत्रे राहू द्या, फुटत नाहीत तोवर त्यांतून तंतू सुटत नाहीत. त्यांना भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. मला फक्त तो फुटका ढीग पाहिजे."

काकांना हे पटायला वेळ लागला. तेवढ्यात आई घरातून ती दुहेरी बांधलेली पिशवी घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत बाईंच्या पुढं ठेवली. "माज्याकडं हाय. ह्याच्या मी वाती केलत्या. ज्यांना दिल्या त्यांची घरं दाखविती, चला." मग जराशी पुढं सरकून तिनं विचारलं, "बाई, एक सांगा. ह्ये झाड आसतं का कसलं?"

"नाही आजी. दगड असतो. खाणीत निघतो."

"दगड?" आईचे डोळे मोठे झाले. "दगडाचा कापूस?"

"तसंच. फोडला की आतून तंतू सुटतात."

"आनि लोकांनी त्यो कातला?"

"हो. फार जुन्या काळापासून."

आई वाकून त्या पिशवीकडं बघू लागली. "ज्यानं पहिल्यांदा कातला, त्याला किती नवल वाटलं आसंल," ती म्हणाली. बाई हसल्या. मास्कमुळं फक्त डोळे दिसले, पण हसल्याचं कळलं. आईच त्यांना घरोघर घेऊन गेली. तिला पाहून बायकांनी दारं उघडली. संध्याकाळपर्यंत चावडीपुढं ओल्या पोत्यांची रांग लागली.

अहवालात लेप आणि दोर दोन्हींत ॲस्बेस्टॉस निघालं. मालकाला आदेश झाला. सगळा माल परवाना असलेल्या लोकांकडूनच उचलायचा, वरची मातीही खरवडून न्यायची, खर्च त्याचाच. त्यानं टाळाटाळ केली. एकदा ताडपत्री काढून जेसीबीही आत घातला. त्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांनी येऊन जेसीबी बाहेर काढला आणि फाटकाला सील ठोकलं. गावात दोन तट पडले. चौकात एकानं मला अडवून विचारलं, "काय बे, तुला मोठं व्हायचंय का? चाललेलं काम बंद पाडलंस." त्याची बायको त्या ढिगात बसायची, हे मला माहीत होतं. नंतर फाटकाबाहेर राखणीला माणसं लागली, तेव्हा त्या बायांना घ्यावं म्हणून मी मालकाकडं शब्द टाकला. त्यानं दोघींना घेतलं, बाकीच्यांना नाही.

शेवटी पुण्याकडून एक टोळी आली. अंगभर पांढरे सूट, तोंडाला मोठे मुखवटे. "कोरोना आला का परत?" म्हणत लोक रस्त्यावर जमले. टँकरनं आधी सगळं भिजवलं. मग ओला माल जाड पिशव्यांत भरला, पिशव्या दुसऱ्या पिशव्यांत घातल्या, चिकटपट्टीनं तोंडं बंद केली, बाभळीसुद्धा तोडून नेल्या. आई सकाळपासून लिंबाखाली बसून ते बघत होती. मध्येच उठून तिनं त्या टोळीतल्या एकाला विचारलं, "ह्ये नेऊन काय करता?"

"खड्ड्यात पुरतात, मावशी. खाली-वर जाड कागद घालून. कायमचं."

"न जळनारं आनि न कुजनारं," ती मला म्हणाली. "जमिनीला बी ते पचत न्हाई म्हन."

पुढच्या आठवड्यात मी तिला बीडला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर लावली. आई खुर्चीतून उठून थेट तिच्याजवळ गेली.

"ह्ये माजं?"

"तुमचं. हे हृदय, ह्या फासळ्या."

"आनि ह्ये काळं?"

"ती हवा. फुप्फुसं अशीच दिसली पाहिजेत."

"हवा काळी दिसती व्हय?" तिला गंमत वाटली. मग तिनं खरा प्रश्न विचारला. "दगडाचं सूत आत गेलं आसंल तर त्ये कुठं दिसंल?"

डॉक्टर प्रामाणिक निघाले. "आज नाही दिसणार, आजी. ते फार बारीक असतं. आणि थोड्या दिवसांच्या संपर्कानं बहुतेकांना काही होत नाही. पण नाहीच होणार, असं मी लिहून देणार नाही. वर्षातून एकदा येत जा."

"ठीक हाय," आई म्हणाली. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्याचा बी काढा. ह्यानं बी हातात धरलतं."

परतीच्या गाडीत तिनं दोन्ही फिल्मा पाकिटातून काढल्या आणि खिडकीच्या काचेला लावल्या. डोंगरातला रस्ता लागला होता. बाहेर ऊन होतं, आणि आमच्या दोघांच्या फासळ्यांमधून डोंगर मागं सरकत होते. मागच्या सीटवरची बाई वाकून बघायला लागली, तिकीट फाडता फाडता कंडक्टरही थांबला.

"कोनाचं काय हाय ह्यात?" त्यानं विचारलं.

"ह्ये माजं, ह्ये माज्या ल्येकाचं," आई म्हणाली, आणि बोट ठेवून हवा कुठं आहे ते त्याला दाखवू लागली.