गिअरबॉक्सचं तेल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला भिवंडीतल्या एका कारखान्यात मी हेल्परचा फिटर झालो आणि माझ्या डोक्यात हवा गेली. तोवर जवळच्या पूर्णा गावाहून सायकल मारत यायचो, आलो की नट-बोल्टचे पाने पुसायचो. आता सामान आणायला धामणकर नाक्यावर मलाच पाठवायला लागले.

तिथल्या दुकानात ऑइल सील मागण्यात मला भारी रुबाब वाटे. सील म्हणजे रबराचं एक कडं. आतल्या बाजूला पातळ ओठासारखी कड, तिच्यामागे बारीक स्प्रिंग. फिरत्या शाफ्टला ती कड चिकटून राहते आणि तेल बाहेर येऊ देत नाही. बाकीचे लोक जुना सील काउंटरवर टाकून ‘असाच द्या’ म्हणत. मी तसं कधी केलं नाही. जुन्याचं तोंड पसरलेलं असतं, त्याचं माप खोटं निघतं. मी शाफ्ट मापून जायचो आणि तीन आकडे सांगायचो, आतला, बाहेरचा आणि जाडीचा. वर ऐकवायचो, वाफेच्या मशीनला लावायचाय, काळं रबर भाजून निघेल, तपकिरी द्या. दुकानदार माझ्याकडे जरा आदराने बघतो असं मला वाटायचं. बघत नसेलही.

वाफेचं मशीन म्हणजे सायझिंगचं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या सुताला खळ लावून, गरम सिलेंडरवर वाळवून ते बीमवर, म्हणजे मोठ्या रिळावर गुंडाळायचं. भरलेले बीम शेजारच्या शेडमध्ये लूमवर, म्हणजे मागावर चढत. एका सकाळी सायझिंगच्या गिअरबॉक्सचा सील गेला. लूम बीमसाठी खोळंबलेले, शेठ माझ्या डोक्यावर उभे. शाफ्टच्या टोकाला चावी, म्हणजे लोखंडी पट्टी, बसायची खाच असते, तिच्या कडा पात्यासारख्या धारदार. ज्यांच्या हाताखाली मी हेल्पर होतो त्या उस्तादाने मला शिकवलं होतं की खाचेवर ग्रीस लावलेला कागद गुंडाळायचा आणि मगच सील सरकवायचा. कागद समोर पडला होता. मी तो घेतला नाही. दहा मिनिटांत मशीन चालू केलं आणि शेठ ‘शाबास’ म्हणाले.

काही आठवड्यांनी कापडावर डाग दिसायला लागले. एका लूमवर, मग चौथ्यावर, मग सातव्यावर. लूमला तेल देणारे एक म्हातारे चाचा होते, उत्तरेकडून कधीकाळी आलेले, हातात कायम कुपी. त्यांचा हात थोडा कापायचा. शेठने डाग बघितले, चाचांचा हात बघितला आणि निकाल लावून टाकला. म्हणाले, म्हाताऱ्याला दिसत नाही, हात हलतो, सांडत चाललाय सगळीकडे. चाचा कापडावर वाकले, डाग दोन बोटांत चोळला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुपी उचलून पुढच्या लूमकडे गेले.

मी मात्र डाग नीट बघितले. सगळे कापडाच्या एकाच कडेला होते; कुपीतून सांडलेलं तेल असं एकाच कडेला पडत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सायझिंगचा गिअरबॉक्स उघडला. सीलच्या ओठावर चीर होती, नखाएवढी, खाचेने कापलेली. तिथून थेंब शाफ्टच्या जोडावर, फिरत्या कपलिंगवर पडत होता आणि उडून सुताच्या कडेला बसत होता. मी तो सील खिशात घातला आणि दुसरा बसवला, या वेळी कागद गुंडाळून, अगदी निगुतीने. कुणाला काही बोललो नाही. स्वतःला सांगितलं, आता डाग थांबतील आणि चाचांवरचं बालंट आपोआप जाईल.

शेठने त्याच आठवड्यात चाचांना काढलं. डाग असलेले बीम विणून संपले आणि कापड स्वच्छ यायला लागलं. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, बघा, म्हातारा गेला आणि डाग गेले. माझ्या चोख दुरुस्तीनेच चाचांचा गुन्हा शाबीत केला होता. मला स्वतःची किळस आली, तरी तोंड उघडलं नाही. पुढचे आठ दिवस चाचा रोज फाटकासमोरच्या चहावाल्याकडे येऊन बसायचे. परत कामावर घ्या म्हणून विनवायला येत असतील, असं समजून मी मागच्या दाराने आत जायचो.

नवव्या दिवशी ते दिसले नाहीत आणि मला राहवेना. त्यांची खोली शोधत गेलो. ते ट्रंकेला दोरी बांधत होते, गावाकडे निघाले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कागद, चीर, खिशात घातलेला सील, सगळं.

“मालूम था,” ते म्हणाले. “लूम का तेल पानी जैसा होता है. वो दाग चिपकता था. गिअरबॉक्स का था.”

मी विचारलं, मग शेठला का नाही सांगितलंत?

“तेरी नई नई फिटरी थी. सोचा, लडका खुद बोलेगा. इसी वास्ते आठ दिन गेट पे बैठा.”

मी म्हणालो, चाचा, आत्ता चला माझ्याबरोबर, आत्ता सांगतो शेठना. गाठ मारून झाली तरी त्यांनी वर बघितलं नाही.

“अब बोलेगा, तो तेरे वास्ते बोलेगा. मेरे वास्ते बोलने का टाइम गया.”

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, बरं, पुढे काळजी घे, आणि फायलीत डोकं घातलं. माझी नोकरी गेली नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली, आणि त्या झोपेची मला आजही लाज वाटते.