देवळाची दुसरी पायरी

बी.एस्सी. होऊन दीड वर्ष मी घरी बसले होते, तेव्हा आमच्या खाडीनं मला पहिली नोकरी दिली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. भरतीच्या पाण्यावर वीज करता येईल का, याची पाहणी करायला एक पथक रत्नागिरीला आलं होतं. धक्क्याला त्यांनी काळी-पांढरी मोजपट्टी ठोकली. पाणी कुठवर आलं ते उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दर तासाला वहीत लिहायला माणूस हवा होता, तो मी.

पथकाचे साहेब घाटावरचे, तरुण, उन्हानं नाक सोललेले. आल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, की उद्याची भरती किती वाजता येईल हे आधीच काढता येतं. मी म्हटलं, आमच्याकडं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असली की सहा वाजता. त्यांनी आपला तक्ता पाहिला, मग घड्याळ पाहिलं, आणि त्यानंतर माझ्याशी जरा जपून बोलू लागले.

शिकवायचे मात्र छान. खाडीच्या तोंडाशी बंधारा घालायचा, भरतीचं पाणी दारांतून आत घ्यायचं, दारं लावायची आणि बाहेर ओहोटी लागली की तेच पाणी चक्रांवरून सोडायचं. कोळसा नको, धूर नाही. पाऊस दगा देतो, चंद्र देत नाही. मला हे मनापासून पटलं. आमच्या वाडीत तेव्हा संध्याकाळचा बल्ब इतका मंद असे, की तो लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागायची.

तोटे विचारले, तर तेही त्यांनी लपवले नाहीत. ही वीज चंद्राच्या सवडीनं मिळणार. आज सहाला, उद्या पावणेसातला, आपला भात शिजायच्या वेळी नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरपूर, अष्टमीच्या मिळमिळीत भरतीला जेमतेम. खारं पाणी लोखंड खातं, आत गाळ साचतो, होड्यांची वाट अडते. "आणि आतलं पाणी पूर्वीइतकं खाली उतरत नाही," ते सहज म्हणाले. "मधले वाळूचे पट्टे बहुतेक पाण्याखालीच राहतील."

त्या पट्ट्यांवर माझी आत्या मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायची. आईवडील गेल्यावर तिनं मला वाढवलं ते या शिंपल्यांवर. ओहोटीला पदर खोचून वाळूत उतरायची, बोटांनी उकरून पाटी भरायची आणि मांडवीत दारोदार विकायची. माझी कॉलेजची फी त्याच वाळूतून वर आलेली. बंधाऱ्यानं पट्टे बुडतील हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती "बघू" एवढंच म्हणाली आणि चुलीपुढं बसली. त्या दिवशी तिनं भातात मीठ दोनदा घातलं.

पुढच्या अमावास्येला भर दुपारी पाणी चढलं. मी पट्टी वाचली आणि वहीत वीतभर कमी लिहिलं. त्यानंतर प्रत्येक उधाणाला तेच. पाणी कमी दिसलं तर बंधारा होणार नाही, एवढंच माझं शास्त्र. एकदाही खाडाखोड केली नाही, याची लाज मला अजून वाटते.

एका सकाळी साहेब धक्क्यावर माझी वही चाळत होते आणि आत्या मुळ्यांची पाटी घेऊन खालून वर आली. साहेब हसून म्हणाले, "मावशी, तुमच्या खाडीला उधाण काही फारसं येत नाही हो."

आत्यानं पाटी खाली ठेवली. "कोन म्हनतां? मागच्या अवसंला पाणी त्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलां होतां. अख्ख्या वाडीन बघितलान."

स्वतःच्या पोटावर पाय येत होता, पण खाडीला कुणी हलकं म्हटलेलं तिला खपत नव्हतं. साहेबांनी खाडीकाठच्या देवळाकडं पाहिलं आणि वही मिटली. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.

पौर्णिमेला ते स्वतः मोजणीची दुर्बीण लावून देवळापाशी बसले. पाणी मुकाट्यानं दुसऱ्या पायरीला येऊन टेकलं. पुढचे पंधरा दिवस मी कशी जेवले ते मला आठवत नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. "उधाणाचे तुमचे आकडे मी काढून टाकले. पायरीवरून नवे बसवले. पुढच्या नोकरीत असं करू नका."

मी मान खाली घातली. "आणि बंधारा?"

"खऱ्या आकड्यांनीही पाणी कमीच पडतं. एवढ्याशा चढउतारावर एवढा खर्च निघणार नाही. इथं नाही व्हायचा."

मी धक्क्याच्या दगडावर बसले. इतकं हलकं मला पुन्हा फार थोड्या वेळा वाटलंय. वाळू राहणार होती, आणि ती माझ्या खोट्यामुळं राहत नव्हती. तशी राहिली असती, तर मुळ्यांच्या कालवणाचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता. बल्ब तसाच मिणमिणत राहणार होता, त्याचं थोडं वाईट वाटलं; पण थोडंच.

धावत घरी गेले. आत्या विळीवर मुळे फोडत होती. "आत्या, बंधारा होत नाही. साहेब म्हणाले, आपली भरती कमी पडते."

वाटलं होतं, देवाला हात जोडेल. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला खरा, डोळेही पुसले, पण मग भुवया चढल्या.

"कमी? आमची भरती कमी?" हातातली शिंपली तिनं ताटलीत टाकली आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. "तू ती पट्टी नीट वाचलीस ना गो?"

"वाचली," मी म्हटलं. ते खरंच होतं. आणि मी तिच्यासमोर बसून मुळे निवडायला घेतले, म्हणजे मान वर करावी लागणार नव्हती.