खाणीवरचं फुलपात्र

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंधेरीच्या एका ख्रिस्ती मंडळीत पाळक होतो. महिन्यातून एकदा दिंडोशीच्या मागच्या डोंगरात, दगडखाणीवर प्रभुभोजन द्यायला जायचो. शेवटच्या बसथांब्यापासून पाऊण तास चढण. वर वीज नाही, नळ नाही. जालन्याकडून आलेली आमची सात ख्रिस्ती कुटुंबं तिथे दगड फोडत होती. प्रभुभोजनासाठी माझ्या पिशवीत पाव असायचा आणि बायकोने काळ्या मनुका उकळून केलेला रस.

त्या वर्षी चर्चच्या कमिटीने देवळातला सगळ्यांचा एक प्याला बंद करून छोट्या ग्लासांचा ट्रे आणला. आरोग्यासाठी, म्हणाले. ठीक आहे. मग खाणीसाठी दुसरा ट्रे आला. "तो वेगळाच ठेवा, पाळकसाहेब. आपल्यात मिसळू नका," असं सेक्रेटरींनी बजावलं. खाणीवरची एक म्हातारी सारखी खोकते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. धुळीचा खोकला तो, दुसऱ्याला लागत नाही; मी डॉक्टरांना विचारून आलो होतो. पण माझं डोकं फिरलं ते त्या 'वेगळा' शब्दाने. माझ्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. कमिटीतल्या प्रत्येकाच्या आजोबांचाही. आणि आता आम्हीच ट्रे वेगळे करायला निघालो होतो.

ट्रे मी कपाटातच राहू दिला आणि घरातलं पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र पिशवीत टाकलं. माझ्यावर लक्ष ठेवायला सेक्रेटरी बरोबर आले.

झोपडीत आम्ही अठरा जण मांडी घालून बसलो. पाव मोडून वाटला. फुलपात्र भरलं तशी म्हातारी मागे सरकली.

"मला शेवटाला द्या, साहेब. माझ्या तोंडचं कोण पिणार?"

मी मुद्दाम आधी तिच्याकडेच गेलो. ती प्याली. तिच्यामागून मी प्यालो, चांगला मोठा घोट. मग फुलपात्र हातोहात फिरलं. सेक्रेटरींपाशी आलं तेव्हा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला छोटा ग्लास काढला आणि माझ्यापुढे धरला.

"प्यायचं तर यातून," फुलपात्र पुढे करत मी म्हणालो.

त्यांनी रुमाल नाकातोंडावर धरला. माणूस खरंच घाबरला होता. म्हातारीला ते दिसलं. "द्या की त्यांना, साहेब. जीवाला भितं माणूस." तरी मी ओतलं नाही. ते तसेच डोंगर उतरले.

सभासदाला प्रभुभोजन नाकारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं कमिटीने विचारलं. कोणीच दिला नव्हता. तीन महिन्यांत माझी बदली झाली. माझ्यामागे खाणीवर कोणी गेलं नाही, हे पुढे कळलं आणि फार लागलं. त्या म्हातारीचं मन माझ्याहून मोठं होतं, हेही कबूल. पण तो ग्लास आज पुन्हा माझ्यापुढे आला, तरी मी त्यात ओतणार नाही.