पुलाच्या फोटोतून गायब झालेली मावशी

"तुम्ही नक्की कसले फोटो काढता?" हा प्रश्न मला लग्नघरात विचारला गेलाय, बँकेत विचारला गेलाय आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मी फ्रीलान्स छायाचित्रकार आहे, म्हणजे जे काम येईल त्याचे फोटो काढते. गेल्या दिवाळीत स्टीलच्या डब्यांचा कॅटलॉग केला, त्याआधी एका सोसायटीच्या गळक्या टाकीचे फोटो. जानेवारीत मात्र एकाच शनिवार-रविवारी दोन कामं आली आणि तीही एकाच दिशेची. शनिवारी डोळखांबच्या अलीकडे ओढ्यावर झालेला नवा पूल, रविवारी शहापूर ते मुरबाड सायकल शर्यत. एका फेरीत दोन्ही उरकतील म्हणून मी भलतीच खूश होते.

पुलाचं काम तर हातचा मळ वाटत होतं. वर्षभरापूर्वी, पूल बांधायला घ्यायच्या आधी, मी तिथे ओढ्याचा एक फोटो काढला होता. आता त्याच जागेवर उभं राहून, सकाळच्या त्याच वेळी, तसाच दुसरा काढायचा. आधीचं आणि नंतरचं. ठेकेदाराला दोन्ही फोटो उद्घाटनाच्या फलकावर शेजारी शेजारी छापायचे होते आणि सोमवारी छपाई होती. अशा जोडफोटोत एकच गोम असते. उभं राहायची जागा चार पावलं जरी चुकली तरी मागचा डोंगर सरकल्यासारखा दिसतो आणि जोडी जुळत नाही.

कल्याणहून पहाटे साडेपाचला स्कूटर काढली. जानेवारीत या बाजूला येणार असाल तर हातमोजे विसरू नका. मी विसरले आणि पडघ्याला चहाचा ग्लास पिण्याऐवजी नुसता धरून बसले. शहापूरला मिसळ खाल्ली (सत्तर रुपये, वर पाव मागाल तेवढे) आणि पेट्रोल भरलं. पुढे पंप शोधत बसण्यापेक्षा ते इथेच केलेलं बरं. शेणवा गाव मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. दोन्हीकडे कापणी झालेली भातखाचरं आणि त्यांत जागोजागी उडव्या, म्हणजे भाताचा पेंढा नीट रचून केलेले मोठाले ढीग.

पुलाजवळ पोचले तेव्हा आठ वाजले होते. कामाच्या जागेवर ठेकेदाराचा जुना फलक अजून उभा होता आणि त्यावर माझाच गेल्या वर्षीचा फोटो. स्वच्छ, रिकामा ओढा, मागे डोंगर. उन्हाने रंग उडाला होता, तरी मी थांबून दोनदा बघितला. स्वतःचं काम रस्त्यात टांगलेलं बघायला कुणाला आवडत नाही?

मग वही काढली. गेल्या वर्षी मी मोठ्या हुशारीने लिहून ठेवलं होतं: "ओढ्याकाठच्या खाचरातली उडवी. तिच्या डाव्या कडेपासून तीन पावलं मागे." उडवी होती. तीन पावलं मोजली, ट्रायपॉड लावला, जुना फोटो मोबाइलवर धरून ताडून बघितला. डोंगर चुकीच्या जागी. लेन्स बदलली. एक पाऊल पुढे, दोन मागे. डोंगर काही ऐकेना. ऊन वर चढत होतं, आणि नऊच्या पुढे सावल्या बदलल्या की सगळंच मुसळ केरात. मी स्वतःवर, लेन्सवर आणि त्या डोंगरावर सारखीच चिडले होते.

"काय हरवलाय काय, ताई?"

बांधावर साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. हातात विळा, डोक्याला फडकं. खाचर त्यांचंच होतं. नाव तारामावशी, हे नंतर कळलं. मी वैतागून सांगितलं की उडवीपासून तीन पावलांवर माझी जागा होती आणि ती सापडत नाही.

मावशी हसायलाच लागल्या. "अहो, उडवी दर साली नवी होते. गेल्या सालची गुरांनी खाल्ली. ती तिकडं होती. खालून वाळवी लागली, म्हणून यंदा जागा बदलली."

म्हणजे मी गुरांच्या खाण्याला खूण मानून बसले होते. पंधरा वर्षं हे काम करते आहे मी!

"तिकडं म्हणजे नेमकी कुठे?"

"तो वाल बघा. मधे गोल गोल काळाभोर आलाय ना? तिथं पेंढा कुजला, त्याच्यावर पोसला तो."

भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरतात, तो खाचरभर फुलावर आला होता. आणि खरंच, मधोमध एक मोठा गोल तुकडा बाकीच्यापेक्षा गर्द हिरवा होता. मी मघापासून त्याच्या शेजारून येरझारा घालत होते, पण मला दिसला नव्हता. मावशी म्हणाल्या, "चपला काढा, अन वेल तुडवू नका." मी अनवाणी, वेलांमधून पाय टाकत गेले, गोलाच्या डाव्या कडेपासून तीन पावलं मागे मोजली आणि डोळा लावला. डोंगर मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसला होता.

मी इतकी आनंदले की त्यांना मोबाइलवरचा जुना फोटो दाखवला. "बघा, हा गेल्या वर्षी इथूनच काढलेला."

मावशींनी हसू आवरलं. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "तो तुमीच काढलेला? त्या पाटीवरचा?"

"हो."

"मग मी कुठाय त्याच्यात?"

आणि मला आठवलं. गेल्या वर्षी मी कॅमेरा लावला तेव्हा एक बाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन ओढा ओलांडत होती. मी हात वर करून जोरात हलवला, बाजूला व्हा म्हणून. ती बाजूला व्हायची सोडून पाण्याच्या मधोमध उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून. मी पुन्हा हात केला. ती हलेना. काय हट्टी बाई आहे, असं पुटपुटत मी फोटो घेतले, आणि ठेकेदाराला रिकामा ओढा हवा होता म्हणून घरी बसून कॉम्प्युटरवर तिला पुसून टाकलं. दहा मिनिटांचं काम होतं.

"तुमी हात केलात," मावशी सांगत होत्या, "मला वाटलं, थांबा म्हनताय, फोटो काढते. म्हनून थांबले. पानी असं गार होतं, पाय बधिर झाले. तुमी कॅमेरा खाली ठेवलात तवा निघाले. सगळ्या पाड्यात सांगितलं, पुलाच्या फोटोत मी हाय. मग ही पाटी लागली. सगळ्या बायका बघून आल्या. शेजारीन अजून म्हनते, तारा लबाड बोलते."

मला त्या वालाच्या वेलांत तोंड लपवावंसं वाटलं. खोटं बोलता आलं असतं, पण नाही बोलले. सगळं सांगितलं, पुसण्यासकट.

मावशी रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "पुसलेला परत येतो का?"

ते मलाही माहीत नव्हतं. मूळ फोटो असले तर घरच्या जुन्या डिस्कवर असणार, आणि डिस्क भरली की मी जुनी कामं उडवून टाकते. मी माझा नंबर लिहून दिला आणि म्हटलं, शोधते. आणि आत्ता पुलावर उभ्या राहा, नव्या फोटोत घेते.

"आता मी थांबनार नाय," मावशी म्हणाल्या. "बैल उपाशी हाय." त्यांनी यंदाच्या उडवीतून पेंढा उपसला, भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि पूल ओलांडून घराकडे निघाल्या. मी हात न करता फोटो घेतला.

रात्री शहापूरला मुक्काम. हायवेवरचं लॉज घेणार असाल तर मागच्या बाजूची खोली मागा, ट्रकचा आवाज कमी येतो. मला तशीही झोप लागली नाही. डिस्कचाच विचार चालला होता.

रविवारी शर्यतीसाठी किन्हवलीच्या पुढचं एक वळण हेरून ठेवलं होतं. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा येऊन उभे राहिले. सायकलींचा पहिला घोळका सुसाट गेला तसं त्यांनी विचारलं, "ही पोरं कुठं पळतात? कुनाला काय झालाय का?"

"शर्यत आहे, बाबा."

"शर्यत? अन बैल कुठं?"

दुसरा घोळका दिसला तेव्हा आजोबा नेमके माझ्या चौकटीत होते. सवयीने माझा हात वर गेला. आजोबांनी टोपी सारखी केली आणि ताठ उभे राहिले. मी हात खाली घेतला आणि फोटो काढला, पुढे आजोबा, मागून रंगीबेरंगी सायकली. संयोजकांनी तो घेतला नाही. आजोबांचा पत्ता मात्र मी लिहून घेतला.

शर्यत मुरबाडला संपली. तिथे भाकरी आणि वालाचं बिरडं जेवले. जवळच म्हसा गावची जत्रा चालू होती, म्हणून वाट वाकडी करून गेले. गाडी गावाबाहेरच लावा आणि चालत जा. बैलबाजारात कुणाच्याही बैलाचा फोटो काढायच्या आधी मालकाला विचारा. मी प्रत्येकाला विचारलं. एक घोंगडी घेतली आणि अंधार पडायच्या आत कल्याण गाठलं.

हात-पाय न धुता आधी माळ्यावरचा डिस्कचा डबा काढला. तिसऱ्या डिस्कवर ते काम होतं. उघडलं, आणि ओढ्याच्या मधोमध तारामावशी उभ्या होत्या. पोटरीएवढ्या पाण्यात, मान ताठ, डोक्यावर भला मोठा भारा, थेट माझ्याकडे बघत. मला रडूच आलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. डोंगर तंतोतंत जुळला होता. एकात मावशी थांबल्या होत्या, दुसऱ्यात पुलावरून चालल्या होत्या. दोन्ही तसेच ठेकेदाराला पाठवून दिले.

सोमवारी ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, दोन्ही फोटोंत मध्ये बाई आलीय. मागच्या वेळी काढली होती ना?"

म्हटलं, "काढली होती, ते चुकलं. या वेळी राहील. नाहीतर माझे दोन्ही फोटो परत करा." छपाई तासावर आली होती. ते कुरकुरले आणि छापले.

आठ-दहा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन. मावशी होत्या, सुनेच्या मोबाइलवरून. "ताई, पाटी लागली. शेजारीन बघून आली."

"काय म्हणाली?"

"म्हनते, एवढा भारा घेऊन पान्यात कशाला उभी होतीस गो? उतरवायचा ना काठावर." मावशी हसल्या. "मी म्हटला, उतरवला असता तर त्यांचा फोटो हलला असता."