गोल की चौकोनी

आई पडली हे मला पोळ्या करणाऱ्या बाईंकडून कळलं, तेही तीन दिवसांनी.

"ताई, आजी पडल्या व्हत्या, तुम्हाला ठाव न्हाई?" जिन्यात भेटल्या भेटल्या त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली, कारण मला सांगायचं नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती. मग उरलेलं मीच खोदून खोदून काढलं. आंघोळ करून बाहेर येताना ओल्या फरशीवर आईचा पाय घसरला. साडेनऊला पडली आणि बाई पावणेबाराला येईपर्यंत न्हाणीघराबाहेरच्या बोळातच भिंतीला टेकून बसून होती. बाईंकडे किल्ली असते म्हणून बरं. "आन् ताई, पाडे म्हनत व्हत्या वो! मला वाटलं डोक्यावर परिनाम झाला."

आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वर जाऊन मी तिच्यावर ओरडले तर तिने शांतपणे सांगितलं, "वेळ जायला हवा होता. तिसापर्यंतचे झाले, मग पावकी, निमकी, दिडकी घेतली."

"आणि मला फोन कोण करणार?"

"फोन स्वयंपाकघरात होता. मी बोळात. उठून आणता आला असता तर त्याला पडणं म्हटलं नसतं."

हाड मोडलं नव्हतं, पण कंबरेची एक बाजू वांग्यासारखी जांभळी झाली होती. दोन तास ती एकटी बसून होती आणि तेव्हा मी खराडीला ऑफिसात, काचेच्या खोलीत, कुठल्याशा सादरीकरणावर मान डोलावत होते. हे डोक्यातून जाईना. मी येरवड्याला राहते, ती शनिवार पेठेत. बाबा गेल्यापासून एकटीच. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणते, "तुमच्याकडे कोथिंबीर आणायलाही रिक्षा करावी लागते."

म्हणून मी ठरवलं, तिला घड्याळ घ्यायचं. माणूस पडला की हल्लीच्या घड्याळांना कळतं. आधी मनगटावर विचारतात, बरे आहात का? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर ठरवलेल्या नंबरावर आपणहून फोन लावतात. असली उत्तम घड्याळं दोनच, आणि दोन्ही कंपन्यांचं एकमेकींशी हाडवैर. नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मी त्यांना गोल आणि चौकोनी म्हणायला लागले.

आमच्या घरात कुकरची रिंगसुद्धा दोन दुकानांत चौकशी केल्याशिवाय घेत नाहीत. त्यामुळे मी रीतसर तक्ता केला. चौकोनी माझ्या फोनशी जुळतं, गोल आईच्या. चौकोनीचं पडणं ओळखणं चांगलं म्हणतात, पण रोज चार्जिंगला लावावं लागतं. गोल अडीच दिवस चालतं. हृदयाचा आलेख दोन्ही काढतात. पाण्यात दोन्ही चालतात. गोलावरचे आकडे मोठे, चौकोनीचा आवाज मोठा. जेवणाच्या सुट्टीत मी परीक्षणं बघायची. त्यात धावपटू पोरं डोंगर चढून उतरून घड्याळांचं कौतुक करत होती. ओल्या फरशीबद्दल कोणी बोलत नव्हतं. संगम पुलाजवळच्या सिग्नलला थांबले की तक्त्यात एक ओळ वाढायची. मागचा हॉर्न वाजवायला लागला की मी भानावर यायची.

महिना झाला तरी ठरेना. एक दिवस गोल नक्की व्हायचं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलेलं वाचायचं की गोलाने पडणं ओळखलंच नाही, की मी पुन्हा चौकोनीकडे. चुकीचं निवडलं आणि नेमकं त्या दिवशी ते गप्प राहिलं तर? आईचा जीव माझ्या त्या तक्त्यातल्या एका ओळीवर टांगलेला आहे असं मला खरंच वाटायला लागलं होतं. दरम्यान घड्याळ काही घरात आलं नव्हतं, म्हणून त्याचं काम मीच करत होते. दिवसातून पाच फोन. आई उचलायची, "आहे," म्हणायची आणि ठेवायची. चौथ्या फोनला कधी कधी, "अजून आहे."

शेवटी एका शनिवारी मी मोठ्या दुकानात गेले. तिथे दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी मांडलेली होती. दाखवणारी बाई नागपूरकडची, बोलायला गोड. तिने दोन्ही माझ्या दोन हातांना बांधली. मी पावलं, झोप, आलेख सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडल्यावर कळतं का?"

"कळते ना मॅडम. एकदम परफेक्ट."

नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवेन तर मी माझ्या आईची मुलगी कसली? कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी सोफा होता. मी आजूबाजूला बघितलं, डोळे मिटले आणि त्याच्यावर धाडकन अंग टाकलं. काही झालं नाही. पुन्हा उठले, या वेळी जरा जास्त जोरात. सुरक्षारक्षक धावत आला. ती बाई घाबरून म्हणाली, "मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

"पडते आहे."

"अहो, सोफ्यावर नाही कळत. गादी आहे ना ती. आणि हे तर डेमोचे पीस आहेत, यातून फोन जातच नाही."

दुकानातल्या सगळ्यांसमोर, दोन हातांत दोन घड्याळं बांधून, पन्नाशीची बाई सोफ्यावर आडवी. माझ्या मुलाला हे कळलं असतं तर त्याने घर सोडलं असतं. मी घड्याळं काढून दिली, विचार करून सांगते म्हटलं आणि बाहेर पडले. तक्त्यात ओळ वाढवली: सोफ्यावर दोन्ही नापास.

त्यानंतरच्या आठवड्यात तो दिवस आला. सव्वा वाजता फोन केला, आईने उचलला नाही. दीडला नाही. पावणेदोनपर्यंत नऊ वेळा केला. बाई पोळ्या करून गेलेल्या, त्यांनाही फोन लागेना. मी बैठकीतून उठले. कोणाला काय सांगितलं ते आठवत नाही. नगर रस्ता, बंडगार्डनचा पूल, स्टेशन, सगळीकडे गाड्या नुसत्या उभ्या. माझ्या मनगटावर ऑफिसने दिलेलं एक साधं घड्याळ असतं, ते बैठकांच्या आठवणी करून देतं आणि उगाच काळजीही करतं. पुलावर अडकले असताना ते थरथरलं. नाडी वाढली आहे, आपण व्यायाम करत आहात का? मी त्याला एक शिवी दिली. शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून बघितलं.

माझ्याकडे किल्ली होती, पण दाराला आतून कडी. मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. समोरच्या घरातले आजोबा बाहेर आले, माझ्याकडे बघून आत गेले. मग आतून चपला ओढल्याचा आवाज आला आणि आईने दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी.

"दुपारी तीनला दार वाजवतात का?"

"फोन का उचलत नाहीस?"

"सकाळी व्याख्यान होतं. आवाज बंद केला, तो राहिला." मग तिने माझ्या हातांकडे बघितलं. दार बडवून तळवे लाल झाले होते. "बस. चहा टाकते."

चहा पिताना मी तिला पहिल्यांदा घड्याळांबद्दल सांगितलं. तिला न विचारता महिनाभर चाललं होतं ते. ती म्हणाली, "दाखव." फोनवर दाखवायला लागले तर म्हणाली, "कागदावर नाही?" होता, पर्समध्ये, घडी घालून. तिने चष्मा लावला, टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं आणि तक्ता ओळीने वाचला. नापास वाचून तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग पेनाचं टोपण लावून तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"गणित चुकलेलं नाही. प्रश्नच चुकीचा उतरवून घेतलायस."

"म्हणजे?"

"मी पडले कुठे?"

"घरात."

"मग? घरात घड्याळ कोण घालतं?"

मी मान वळवून दाराशेजारच्या कपाटाकडे बघितलं. तिथे पितळी वाटी होती आणि वाटीत तिचं चावीचं घड्याळ. मी शाळेत जायला लागल्यापासून ती वाटी तिथेच आहे. आई पावणेसहाला यायची, चपला काढायची, पर्स खुंटीला लावायची, आणि मग मनगटावरचा पट्टा सोडून घड्याळ वाटीत टाकायची. टण् वाजायचं. तोपर्यंत मी तिच्या पायात घोटाळत असायची, पोटात दिवसभराचं साठलेलं, आणि ती एकच म्हणायची, "घड्याळ काढू दे, मग बोल." गणितात नापास झाले तेही मी त्या आवाजानंतरच सांगितलं होतं. घड्याळ वाटीत पडलं की ती शाळेची राहायची नाही, माझी व्हायची. घरात भिंतीवरचं घड्याळ पुरे. हातातलं कामावर जाणाऱ्याने बाहेर जाताना घालायचं, ही तिची रीत. निवृत्तीनंतरही भाजीला जाताना ते हातात आणि आल्यावर वाटीत.

मला हे माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि तरी बावीस ओळींच्या तक्त्यात ती एक ओळ मी लिहिली नव्हती. मी इतकी संतापले की कागद फाडून टाकावासा वाटला.

"मग घाल ना घरात! एवढं काय मोठं आहे?"

"चोवीस तास कामावर असल्यासारखं? कोणाच्या?"

तेवढ्यात माझं घड्याळ थरथरलं. मी सवयीने बघितलं.

"कोण आहे?"

"कोणी नाही. बराच वेळ बसून आहात, उभ्या राहा म्हणतंय."

"मग राहा उभी. त्याचं तरी ऐक."

मी खरंच उठले आणि चिडून निघाले. तो आठवडा फार वाईट गेला. पाच फोनांचे आठ झाले. आई "आहे" म्हणायची, मी "बरं" म्हणायची. घड्याळांच्या जाहिराती मात्र माझा पिच्छा सोडत नव्हत्या. गोल आणि चौकोनी आलटून पालटून डोळ्यांसमोर यायची आणि दोन्हींचा मला सारखाच राग यायचा. झोपून उठले की पहिला विचार त्या बोळातल्या फरशीचा.

शुक्रवारी तिचाच फोन आला. ती आपणहून फोन करत नाही, त्यामुळे उचलतानाच मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

"गोल घे," ती म्हणाली.

"काय?"

"चौकोनी रोज चार्जिंगला लावायचं म्हणजे रोज काढायचं. एकदा काढलं की मी परत घालणार नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे. गोल अडीच दिवसांनी निघेल, तेव्हा तू येऊन बस. घालीन मी घरात. आंघोळीलाही. पण एक अट आहे."

"कुठली?"

"आलीस की सांगते."

रविवारी मी गोल घेऊन गेले. तिच्या डाव्या हातात बांगड्या, म्हणून उजव्या हाताला बांधलं. तिच्या फोनला जोडलं, माझा नंबर घातला. तिने हात लांब धरून ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "शिपायाला बिल्ला देतात तसं आहे." मी हसले नाही. तिने अंगठ्याने पट्टा जरा सैल केला आणि तसंच ठेवलं, काढलं नाही. तिला ते किती टोचत होतं ते मला दिसत होतं.

"आता अट," मी म्हटलं.

ती उठली, कपाटावरची पितळी वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली.

"इथे आलीस की तुझं काढायचं."

"आई, ऑफिसचे निरोप येतात त्याच्यावर."

आई वाटी तशीच धरून उभी राहिली, हातावर तो बिल्ला घेऊन. मी पट्टा सोडला. मनगटावर पांढरा चट्टा पडला होता. घड्याळ वाटीत टाकलं, तिच्या चावीच्या घड्याळाशेजारी. टण् वाजलं.

तिने वाटी कपाटावर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी रिकाम्या मनगटाकडे दोनदा बघितलं. हात कुठे ठेवावा ते कळेना.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."

महिनाभर बोलत होते मी, दिवसातून पाच पाच, आठ आठ वेळा. आणि आता काही सुचेना. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "मला फार भीती वाटते गं. तू तिथे बसलेली असशील आणि मला कळणारच नाही."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग बोळाकडे.

"मलाही वाटली त्या दिवशी," ती म्हणाली. "पडल्यावर नाही. दिडकी झाली, अडीचकी झाली, मग औटकी घेतली. साडेतीन एके साडेतीन, साडेतीन दुणे सात. आणि पुढचं येईना. पोरींना इतकी वर्षं शिकवलेलं, आणि येईना. तेव्हा मी तुला हाका मारल्या."