तातीचं धनुष्य

सूड घेऊ नये, माफ करावं, असं मला सांगायला कुणी येऊ नये. मी सूड घेतलाय. भर मंडपात, शे-दोनशे माणसांसमोर, आणि खुर्चीवरून न उठता घेतलाय. कसा, ते सांगते.

परंड्यात बसस्टँडच्या मागं माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक बाकडं आणि भिंतीला आरसा. दुपारी दोन ते चार कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तेव्हा मी मोबाइल बघत बसते. अशाच एका दुपारी त्यात एक म्हातारा दिसला. चहूकडं बर्फ, आणि हा बाबा मांडी घालून शिंगाचे तुकडे जोडून धनुष्य बांधत होता. इन्युइट म्हणतात त्या उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना. त्यांच्या मुलखात झाडच उगवत नाही. मग समुद्रातून वाहून आलेलं लाकूड नाहीतर शिंग, असे तुकडे जुळवायचे आणि त्यांच्या पाठीवर जनावराच्या शिरांचा पीळ घातलेला दोर ताणून बसवायचा. सगळी ताकद त्या दोराची. लाकूड नुसतं नावाला.

मी मशीनवरचा पाय काढला. अगं बाई, हे तर आपल्या घरचं काम! माझा बाप मेंढरं राखायचा आणि घोंगड्यासाठी लोकर पिंजायचा. पिंजायला मोठं धनुष्य लागतं, त्याला आतड्याची दोरी असते, तिला तात म्हणतात. तात ओली असतानाच ओढून बांधायची, वाळली की ती आपली आपण आवळते, हे मला परकर नेसायच्या वयात बापानं शिकवलं. भाऊ पळून जायचे. मी बसायची.

तर म्हटलं, आपण हे करायचं. कशाला, म्हणाल तर माझी हौस. जन्मभर दुसऱ्यांच्या हुकांना काजं केली, एक वस्तू आपल्या मनाची व्हावी.

मापं कळेनात, म्हणून कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना विचारलं. त्यांच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडं असतात, तेवढी ओळख. सरांनी कुठूनतरी इंग्रजीतली दोन पानं काढून आणली आणि बाकड्यावर बसून मला मराठीत वाचून दाखवली. तेवढं काम त्यांचं, मी नाकारत नाही. खोटं बोलले तर सोनारीचा भैरवनाथ बघून घेईल.

पुढचं दीड वर्ष माझं. लाकूड धावड्याचं, एका मोडक्या बैलगाडीतून काढलेलं. त्याचे तीन तुकडे तासून, टोकं एकमेकांवर तिरपी बसवून बांधले. खाटकाकडून बोकडाच्या पाठीच्या शिरा आणायची. तो आधी हसायचा, मग आपणच बाजूला काढून ठेवायला लागला. त्या वाळवायच्या, दगडानं ठेचायच्या, नखानं उकलून दोऱ्यासारख्या बारीक करायच्या, तोंडात धरून ओल्या करायच्या आणि मांडीवर वळायच्या. एक शीर जेमतेम हातभर, म्हणजे जोडावर जोड. घरात असा वास सुटायचा की मालक ताट घेऊन अंगणात जाऊन बसायचे. मांडीची सालटं निघाली. पहिलं धनुष्य मोडलं. दुसऱ्याचा दोर पावसाळी हवेत सैल पडला, तो सोडून पुन्हा वळला, तर ओढताना तेही मोडलं. तिसरं जमलं. निरगुडीच्या सरळ काड्यांचे दोन बाण केले, टोकाला हाड घासून बसवलं, मागं कोंबड्याची दोन-दोन पिसं. मळ्यात जाऊन भुसा भरलेल्या पोत्यावर बाण मारला, तर आरपार! मी एकटीच टाळ्या वाजवत नाचले, बांधावरची म्हैस बघत राहिली.

सरांना दाखवलं. दोरी उतरवलेलीच होती, कारण हे धनुष्य चढवून ठेवायचं नसतं, नाहीतर त्याचा जोर मरतो. सर म्हणाले, "ताई, धाराशिवला प्रदर्शन आहे. दोन दिवसांसाठी द्या." दिलं. माझ्यासारखी येडी मीच.

दोन दिवसांचे पंधरा झाले. मग एक दिवस सरांची बायको ब्लाउजपीस घेऊन आली आणि कौतुकानं पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं. "बघा की, आमच्या ह्यांचा फोटो आलाय." सर माझं धनुष्य छातीशी धरून उभे. बातमीत लिहिलं होतं: प्राध्यापकांनी साकारलं बर्फाळ प्रदेशातलं धनुष्य, त्यांची चिकाटी, त्यांचा अभ्यास. सगळ्यात खाली एक ओळ होती: शिवणकामासाठी एका स्थानिक महिलेची मदत झाली.

शिवणकाम! दीड वर्ष तोंडात बोकडाच्या शिरा धरल्या, ते शिवणकाम! तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईचा काही दोष नव्हता, म्हणून तिचं माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी कॉलेजात गेले. धनुष्य काचेच्या कपाटात, खाली पाटी, पाटीवर सरांचं नाव. म्हटलं, "सर, हे धनुष्य म्या केलंय. पाटीवर माझं नाव घाला. दुसरं काय मागत न्हाय."

सर हसले. चिडले असते तर मी समजून घेतलं असतं. "अहो ताई, लोकांना प्राध्यापकानं केलं म्हटलं की विश्वास बसतो. शिलाईवाल्या बाईनं केलं म्हटलं तर हसतील. तुमचंच हसं होईल." आणि वर मला चहा पाजला.

आयत्या बिळावर नागोबा, तो असा. तो चहा मी प्याले, याचा मला अजून राग येतो. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. या माणसानं चार लोकांत तोंडानं म्हटलं पाहिजे की हे धनुष्य हिनं बांधलं. कसं म्हणेल ते मला ठाऊक नव्हतं. मी वाट बघायला लागले.

सहा महिन्यांनी सर दुकानात आले. गॅदरिंगला पुण्याहून एक पाहुण्या बाई येणार होत्या, जुन्या हत्यारांच्या मोठ्या जाणकार. त्यांच्यासमोर सर स्वतः बाण मारून दाखवणार होते. "दोनच बाण आहेत, ताई. आणखी चार करून द्याल?"

मी विचारलं, "दोरी कशी चढवायची ते ठाऊक हाय का?"

"त्यात काय ठाऊक असायचंय? लहानपणी वेळूची धनुष्यं काय कमी केली?"

मी विचारलं होतं, हे ध्यानात ठेवा. चार बाण करून दिले, आणि चांगले करून दिले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडं धनुष्य म्हटलं की डोळ्यासमोर कॅलेंडरवरचा राम येतो. वाकलेलं लाकूड, आणि ज्या बाजूला ते वाकलंय त्या बाजूला दोरी. हे धनुष्य तसं नसतं. पाठीवरच्या शिरांच्या दोराला मी तातच म्हणते, तिनं ते आवळलेलं असतं, म्हणून दोरी उतरवली की उलट्या बाजूला वाकतं. चढवताना गुडघ्याखाली दाबून, जीव खाऊन त्याला पलीकडं फिरवावं लागतं. जिकडं वाकलेलं दिसतंय तिकडंच दोरी लावली, तर चढते एकदम सोपी. पण मग ओढताना सगळा ताण उघड्या लाकडावर आणि जोडांवर येतो, आणि तात बसते आतल्या बाजूला रिकामी. दोर पाठीवर, म्हणजे बाण मारणाऱ्यापासून लांबच्या बाजूला, घ्यायचा, हे त्या इंग्रजी पानांत लिहिलेलं होतं. सरांनीच मला वाचून दाखवलं होतं.

गॅदरिंगच्या सकाळी मी ठेवणीतलं इरकल नेसून तिसऱ्या रांगेत बसले. सरांनी माईकवर इन्युइट लोकांची माहिती दिली, छान दिली. मग कपाटातून आणलेलं धनुष्य घेतलं आणि दोरी लावली. एका झटक्यात लागली. सर खूश होऊन म्हणाले, "बघा, किती सोपं आहे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला तिथूनच दिसलं. तात आत, लाकूड बाहेर. "सर, उलटं चढवलंय," एवढंच म्हणायचं होतं. एका दमात झालं असतं. माझं तोंड उघडलंसुद्धा, आणि मी ते मिटलं. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सरांनी बाण लावला, दोरी गालापर्यंत ओढली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरचा जोड उकलला, लाकूड चिरफाळलं, एक ढलपी सरांच्या गालात घुसली. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. रक्ताची धार लागली. लोक उठले, ओरडले. सर रुमाल गालाला दाबून माईकवर आले, आणि रागानं लालबुंद होऊन माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हे बांधलं कुणी, विचारा त्यांना! त्या बसल्यात बघा, शिलाईवाल्या ताई! पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीच बांधलंय, माझा हातसुद्धा लागलेला नाही!"

अख्खा मंडप माझ्याकडं वळला. मी उठले. "व्हय," म्हटलं, "म्याच बांधलंय." आणि पदर खोचून स्टेजवर गेले.

खाली पडलेलं धनुष्य उचलून पाहुण्या बाईंच्या हातात दिलं. लाकडाच्या चिंध्या झाल्या होत्या, पण तातीचा एक पदर तुटला नव्हता. बाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि सरांना म्हणाल्या, "अहो, ही पाठ आहे. तुम्ही उलटं चढवलंत." मग मला विचारलं, "तुम्हाला तिथून दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"शिवणकामाच्या बाईला कोण इचारतंय?" मी म्हटलं. माईक चालूच होता. आधी पोरं हसली, मग मास्तर लोक, मग सगळाच मंडप. सर रुमाल धरून मधोमध उभे. मला लई बरं वाटलं. उकाड्यात कुणीतरी डोक्यावर थंड पाणी ओतावं तसं वाटलं.

आठ दिवसांनी सर दुकानात आले. डोळ्याखाली चार टाके, गाल सुजलेला. बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "पाटी बदलली, ताई. मोडकं धनुष्यच कपाटात ठेवलंय, खाली फक्त तुमचं नाव घातलंय." मी मान हलवली. ते उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत.

"एक विचारू? उलटं चढवलंय हे तुम्हाला दिसलं होतं, ते ठीक. पण माझा डोळा जाऊ शकतो, हेही दिसलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्यांनाही तेच ऐकायचं होतं. पण मी आधी दोन धनुष्यं मोडलेली आहेत, ढलपी कुठून सुटते आणि कुठं जाते ते मला पाठ आहे. सरांनी दोरी गालाशी आणली तेव्हा मी जोड बघितला, डोळा बघितला, आणि गप्प बसले.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

सर उठले आणि चपला घालून गेले. त्यांची बायको आता ब्लाउज दुसरीकडं टाकते.

पाटी बघायला मी अजून गेलेली नाही. लोकांना वाटतं, बाईला पस्तावा झाला असेल. पस्तावा नाही. त्या घटकेला तो डोळा गेला असता तरी मला चाललं असतं, हे मला कळलंय, आणि तेव्हापासून मला माझंच भ्या वाटतं.